आधीच्यांच्या गोष्टी आत्ताच ऐकायला हव्यात

1934 साली मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिक होतं ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आक्षेप होता वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांवर आणि कर्व्यांनी त्यांना दिलेल्या मोकळ्या उत्तरांवर. त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असेल, तर वाचकाच्या शंकेला उत्तर द्यायचं नाही हे कसं चालेल, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. खटल्याचा निकाल विरोधात गेला आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. अजित दळवींनी लिहिलेल्या आणि अतुल पेठेंनी बसवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ नाटकामुळे ही हकिकत आता पुष्कळांना माहीत झाली आहे.

संपादक आठवतात, वकील आठवतात. प्रश्न विचारणारे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत. पोस्टकार्ड विकत घेऊन, कुणी पाहत नाही ना याची खात्री करून, ‘मला असं वाटतं, हे काय आहे?’ असं एका अनोळखी संपादकाला विचारणारा तो मराठी माणूस पुढे कसा जगला? त्याचं लग्न लावून दिलं का? त्याला कधी कुणी साथीदार भेटला का? 1933 मध्ये पंचविशीत असलेला माणूस आणीबाणीच्या काळातही हयात असू शकत होता. त्याला शोधून विचारायला कुणी गेलं नाही. जाणार तरी कोण? त्याच्यासारखं कुणी जगात आहे, हे त्यालाच माहीत नव्हतं.

समलिंगी आणि पारलिंगी माणसांचा इतिहास लिहिताना ही अडचण पहिल्या पानापासून समोर येते. घरातून माणसाला खूप काही आपोआप मिळतं. कुलदैवत मिळतं, जात मिळते, आजीच्या हातची आमटी मिळते, पणजोबांनी गावातली जमीन कशी घालवली याची कहाणी मिळते. दलित घरातल्या मुलाला निदान त्याचे आईबाप तेच सोसून आलेले असतात, त्यामुळे जग अंगावर आलं की घरात एक सावली असते. समलिंगी मुलाला ती नसते. तो ज्या घरात जन्मतो तिथे त्याच्यासारखं बहुधा कुणी नसतं, आणि असलंच तर ते सांगत नाही. त्याच्या पिढीला पहिली पाटी स्वतःच पुसून स्वतःच लिहावी लागते. पुढची पिढी येते आणि पुन्हा कोरी पाटी.

ही तुटलेली साखळी निसर्गाने तोडलेली नाही. ती बऱ्याच अंशी कायद्याने तोडली. त्याचा सर्वांत उघड पुरावा हिजड्यांच्या इतिहासात आहे. मराठी राजवटीत दख्खनमधल्या हिजड्यांकडे इनाम जमिनी आणि गावांतून ठरावीक हक्क गोळा करण्याचे अधिकार होते. गुरूच्या पश्चात ते चेल्याकडे जात. 19व्या शतकाच्या मध्यावर मुंबई इलाख्याच्या इंग्रज सरकारने हे हक्क पुढे चालू ठेवायला नकार दिला. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी 1987 साली दप्तरांतल्या कागदपत्रांच्या आधारे हे मांडलं. उत्तर हिंदुस्थानात तर सरकार आणखी पुढे गेलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदणी सक्तीची केली गेली आणि नोंद झालेल्या माणसाला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, असं कलमच घातलं. एखाद्या समूहाला एका पिढीत संपवायचं असेल तर त्याच्या वारशाची प्रत्येक वाट बंद करावी लागते, हे त्या कायद्याच्या कर्त्यांना नेमकं कळलेलं होतं.

तरीही तो समूह संपला नाही. याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण आजच्या शहरी समलिंगी तरुणांना त्यातून खूप शिकण्यासारखं आहे.

हिजडा समाजात नातं जन्माने येत नाही, रीत करून घेतल्यावर लागतं. गुरू असतो, गुरूचा गुरू म्हणजे नानगुरू असतो, चेला असतो, चेल्याचा चेला म्हणजे नातीचेला असतो आणि एकाच गुरूचे चेले एकमेकांचे गुरुभाई असतात. भेंडीबाजारवाला, पूनावाला, लालनवाला अशी मुंबईत घराणी आहेत. नवा चेला घरात आला की त्याला टाळी कशी वाजवायची, बधाईला कुठल्या घरी काय गायचं, कुणाच्या पाया आधी पडायचं हे शिकवलं जातं. त्याबरोबर गोष्टीही येतात. अमुक गुरूने तमुक पोलिसाला कसं तोंड दिलं, कोणत्या गल्लीत कुणी पहिलं घर घेतलं, कोण कुणाच्या अंत्यविधीला रात्रभर बसलं. घराण्याची भाषासुद्धा वेगळी आहे. ती बाहेरच्याला कळत नाही आणि आतल्याला ओळख देते. जोगत्यांचंही तसंच. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला जोगता डोक्यावर देवीचा जग घेऊन फिरतो, चौंडकं वाजवतो आणि रेणुकेची कहाणी गुरूकडून ऐकलेली असते तशी गातो. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवरून आणि चारुता सागरांच्या कथेवरून राजीव पाटील यांनी 2009 साली केलेल्या ‘जोगवा’ चित्रपटाने ते जग मराठी मध्यमवर्गासमोर आणलं. त्याआधी ते शेकडो वर्षं होतंच.

या व्यवस्थेत जाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चेल्याच्या कमाईवर गुरूचा हक्क असतो. घराणं बदलायचं तर दंड भरावा लागतो आणि मारहाणीच्या कहाण्याही कमी नाहीत. समाजातल्याच तरुण पारलिंगी कार्यकर्त्या आता त्यावर जाहीरपणे बोलतात, आणि बोललंच पाहिजे. पण रक्ताच्या घराने हाकललेल्या पंधरा वर्षांच्या पोराला जेवण, नाव आणि पूर्वज अशा तिन्ही गोष्टी एकदम देणारी दुसरी कोणती व्यवस्था या देशात होती? सरकारने तशी कधी उभी केली नाही. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती हक्कसंरक्षण कायद्यातही कुटुंबाची व्याख्या रक्त, विवाह किंवा कायदेशीर दत्तक एवढीच ठेवली. गुरू त्या व्याख्येत बसत नाही. ज्या नात्याने या समाजाला दीड-दोनशे वर्षं जिवंत ठेवलं, ते नातं त्याच्याच हक्कांच्या कायद्यात गैरहजर असावं, ही मोठी चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

शहरातल्या शिकल्यासवरल्या समलिंगी पुरुषांकडे असं घराणं नव्हतं. त्यांच्याकडे जागा होत्या. चर्चगेट स्टेशन, लोकलचा ठरावीक डबा, बागेतला एखादा कोपरा. तिथे शरीरं भेटत, क्वचित मैत्रीही होत असे. पण नाव खोटं सांगायचं आणि पोलीस दिसला की पळायचं, अशा ठिकाणी कुणी कुणाला आयुष्य सांगत बसत नाही. पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या आर. राज राव यांच्या ‘द बॉयफ्रेंड’ (2003) या कादंबरीची सुरुवात चर्चगेट स्टेशनवरच होते. याच राव यांनी दिव्यज्योती सरमा यांच्याबरोबर 2009 साली 21 मुलाखतींचं पुस्तक काढलं. अशी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच आहेत.

साखळी जोडायची पहिली खरी धडपड मुंबईत झाली. पत्रकार अशोक राव कवी यांनी 1986 साली ‘सॅव्ही’ मासिकात समलिंगी म्हणून स्वतःच्या नावाने मुलाखत दिली. 1990 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि 1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. सांताक्रूझजवळ वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत संस्थेला जागा मिळाली. भारतातल्या लैंगिक अल्पसंख्याकांच्या चळवळीतली ही फार महत्त्वाची घटना आहे. दाराला कुलूप लावता येईल, खोटं नाव सांगायची गरज पडणार नाही आणि विशीतला मुलगा पन्नाशीतल्या माणसाशेजारी बसून चहा पिऊ शकेल, अशी जागा त्याआधी नव्हती. आज राव कवींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्या पहिल्या फळीतली बाकीची माणसंही साठी-सत्तरीत आहेत.

आणि बरीचशी नाहीत. एड्सने काय नेलं, याचा हिशेब या देशाने कधी मांडलाच नाही. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 मध्ये चेन्नईत झाली. सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधं मिळू लागली ती 1 एप्रिल 2004 पासून. मधल्या 18 वर्षांत ज्यांना लागण झाली त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी घरी ‘टीबी आहे’ असं सांगितलं आणि ते गेले. दिल्लीचे वकील सिद्धार्थ गौतम, ज्यांच्या ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने 1991 साली समलिंगी नागरिकांच्या स्थितीवर देशातला पहिला अहवाल काढला, ते 1992 मध्ये कर्करोगाने वयाच्या 28 व्या वर्षी वारले. त्यांचं नाव निदान नोंदलेलं आहे. जे रुग्णालयाच्या खाटेवर खोट्या आजाराच्या नावाने गेले, त्यांचं काहीच उरलं नाही. आज तिशीत असलेल्या समलिंगी तरुणाला साठीतला मार्गदर्शक सहजासहजी सापडत नाही, यामागे ही पोकळीसुद्धा आहे. कागदपत्रंही अशीच जातात. माणूस गेला की त्याचे भाऊ-पुतणे खोली रिकामी करतात आणि पत्रं, फोटो, वह्या जाळल्या जातात. ज्या साथीदाराने 30 वर्षं संसार केला, त्याला त्या खोलीच्या किल्लीवरही हक्क सांगता येत नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने संयुक्त बँक खातं आणि साथीदाराचं नामनिर्देशन याबाबत खुलासा केला. बँकेपुरता दिलासा मिळाला, पण वहीपेटीचा वारस अजूनही पुतण्याच आहे.

बायकांची गोष्ट याहून कठीण. त्यांना लोकलचा डबाही नव्हता आणि बागेचा कोपराही. मराठी मुलीला 1981 साली स्वतःसारखी कुणी दिसली असेल तर ती विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात. रोहिणी हट्टंगडींनी केलेली सुमित्रा देव ही मराठी रंगभूमीवरची एक धाडसी भूमिका होती, पण शेवटी ती जीव देते. दुसऱ्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ चित्रपटात आश्रमातल्या दोघी एकमेकींवर प्रेम करतात, आणि आश्रमात त्यावरून गहजब होतो. दोन्ही कलाकृती मोलाच्या आहेत, त्यांच्या कर्त्यांनी काळाच्या पुढे पाऊल टाकलं होतं. तरी अंधारात बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने त्यांतून काय घेतलं असेल? आपल्यासारखीचं पुढे काय होतं, याचं उत्तर तिला मरण किंवा शिक्षा असंच मिळालं. म्हातारी झालेली, दुसऱ्या बाईबरोबर नांदलेली, भांडीकुंडी आणि पेन्शन आणि गुडघेदुखी असलेली कुणी तिला दिसलीच नाही.

अशा बाया होत्या. 1995 मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, तो पुढे ‘लेबिया’ झाला. त्यांनी ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं छोटं नियतकालिक चालवलं. 1999 साली अश्विनी सुखटणकर यांनी संपादित केलेला ‘फेसिंग द मिरर’ हा भारतीय लेस्बियन लेखनाचा संग्रह आला. ‘लेबिया’च्या कार्यकर्त्यांनी पुढे देशभरातल्या 50 जणांच्या जीवनकहाण्या ऐकून एक अभ्यास केला, जन्माच्या वेळी ज्यांना मुलगी ठरवलं गेलं अशा माणसांच्या या कहाण्या 2015 साली पुस्तकातही आल्या. हे काम फार कष्टाचं आणि फार देखणं आहे. मात्र हे सगळं मुख्यतः इंग्रजीत आहे. सांगलीच्या शाळेतल्या निवृत्त बाई आणि त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं राहणारी ‘मैत्रीण’ अशी जोडी आजूबाजूला पाहिलेली माणसं महाराष्ट्रात पुष्कळ असतील. त्या दोघींमध्ये काय होतं हे ठरवायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. पण त्यांना सन्मानाने विचारण्याची सोय तरी असायला हवी होती.

गोष्टी सांगण्याने काय बदलतं, असा प्रश्न कुणाला पडेल. त्याला उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवावेत. 11 डिसेंबर 2013 रोजी दोन न्यायमूर्तींनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 कायम ठेवलं. या लोकांची संख्या अगदी नगण्य आहे आणि दीडशे वर्षांत या कलमाखाली 200 हूनही कमी जणांवर खटले झाले, असं त्या निकालात म्हटलं होतं. छळाचे पुरेसे तपशील दिलेले नाहीत, हाही एक आक्षेप होता. म्हणजे माणसं समोर नव्हती, म्हणून ती नाहीतच असं धरलं गेलं. पुढच्या पाच वर्षांत माणसं स्वतःची नावं घेऊन न्यायालयात उभी राहिली. नर्तक नवतेज जोहर आणि पत्रकार सुनील मेहरा यांनी आपलं दोन दशकांहून जास्त काळचं सहजीवन सांगितलं. 2001 साली लखनौमध्ये अटक होऊन 47 दिवस तुरुंगात काढलेले आरिफ जाफर आले. सत्तरी गाठलेले अशोक राव कवी आले. आयआयटीचे आजी-माजी 20 विद्यार्थी आले, त्यांत सर्वांत लहान 19 वर्षांचा होता. समलिंगी मुलांचे आईवडीलही 2013 च्या आधीपासून या लढ्यात होते. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने हे संबंध गुन्ह्यातून वगळणारा निकाल दिला. विलंबाबद्दल इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी, असं न्या. इंदू मल्होत्रा यांनी त्यात लिहिलं.

त्या याचिकांमध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस एका बाजूला उभे होते. न्यायालयाबाहेर मात्र हे दृश्य विरळाच.

आजचा तरुण प्राईड मार्चमध्ये नाचतो, मोबाइलवर अॅप उघडतो आणि अर्ध्या तासात त्याच्यासारखा कुणीतरी त्याला सापडतो. त्याच अॅपवर ‘पस्तिशीच्या वरच्यांनी मेसेज करू नये’ असं लिहिणारेही असतात. वयस्क पुरुष दिसला की तो काहीतरी मागायलाच आला आहे, असा संशय घेतला जातो. वडीलधाऱ्यांचीही तक्रार असते: या पोरांना सगळं आयतं मिळालं, आम्ही मार खाल्ला तेव्हा हे जन्मलेही नव्हते. काही ज्येष्ठांनी लग्नं केली, त्यांना नातवंडं आहेत, आणि तरुण त्यांना भित्रे म्हणतात. हा आरोप अन्यायाचा आहे. 1978 साली नाशिकमध्ये, एकुलत्या एक मुलाने, नोकरी हातची जाण्याची आणि पोलिसात जाण्याची टांगती तलवार असताना लग्नाला नाही म्हणायचं म्हणजे काय, हे आज विशीत असलेल्याला कल्पनेनेही उमजणं कठीण. ते त्याला कुणीतरी सांगायला हवं. आणि त्या लग्नात अडकलेल्या बायकोचं आयुष्य कसं गेलं, हेही त्या ज्येष्ठाला कुणीतरी विचारायला हवं. तिची कहाणी या इतिहासाबाहेर ठेवली तर तो अर्धा राहील.

ऐकणं दोन्हीकडून व्हायला हवं. ज्येष्ठांना बायनरी, नॉन-बायनरी, सर्वनामं हे सगळं नवं आणि अनेकदा त्रासदायक वाटतं. आपण इतकं सोसून ‘पुरुषावर प्रेम करणारा पुरुष’ एवढी ओळख मिळवली आणि ही मुलं म्हणतात पुरुष-बाई हा भेदच नको, याने ते गोंधळतात. अठरा वर्षांचं मूल समोर बसून शांतपणे आपला अनुभव सांगू लागलं की गोंधळ कमी होतो. पुण्यामुंबईत गटांच्या बैठकांमध्ये असं घडतं, पण ते कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहतं.

आईवडिलांची पिढी ही या साखळीतली तिसरी कडी. पुण्यात 2002 साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत जे लिहिलं, त्याचं मोल अजून पुरतं ओळखलं गेलेलं नाही. ‘पार्टनर’ ही त्यांची कादंबरी एका समलिंगी मुलाच्या घडण्याची आहे. ‘मनाचिये गुंती’मध्ये त्यांनी समलिंगी मुलामुलींच्या घरच्यांची मनोगतं गोळा केली. मुलगा सांगतो तेव्हा आईवडिलांच्या घरात नेमकं काय होतं, देवाला नवस कोण बोलतं, डॉक्टरकडे कोण नेतं, कोण सहा महिने बोलत नाही आणि मग एक दिवस जेवायला वाढतं, हे मराठीत आईबापांच्याच तोंडून येणं फार गरजेचं होतं. 2017 साली सुरू झालेला ‘स्वीकार’ हा पालकांचा गटही तेच काम करतो. विवाहाच्या खटल्याच्या वेळी, 2023 च्या एप्रिलमध्ये, या गटातल्या 400 हून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सत्तरीच्या आई आपल्या मुलाचं लग्न डोळ्यांनी पाहायचं आहे म्हणतात, तेव्हा चळवळीला एक असा आवाज मिळतो जो तरुणांकडे नसतो.

मराठीत बाकी काय आहे? सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (2006) आहे. एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडलेल्या बहीण-भावाची ही कादंबरी जेरी पिंटोंनी इंग्रजीत नेली. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (2012) आहे, ज्यामुळे लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं आयुष्य मराठी घराघरात पोचलं. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह आहे. हे सगळं अभिमानाचं आहे. पण हे नामवंतांचं किंवा लेखकांचं आहे. लिहिता न येणाऱ्यांचं, किंवा लिहायची हिंमत न झालेल्यांचं फारसं काही नाही.

खरं तर अशी कामं कशी करायची हे महाराष्ट्राला शिकवायला नको. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना गाठून, त्यांच्या दारात बसून मुलाखती घेतल्या आणि 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिलं. त्यांनी उशीर केला असता तर त्यातल्या कित्येक बाया गेल्या असत्या आणि आज तो इतिहास कुणालाच कळला नसता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्यांतल्या अनेक कुणालाही ऐकता येतात. दोन्ही कामांमागे मोठी यंत्रणा नव्हती, जिद्द आणि विश्वास होता. समलिंगी आणि पारलिंगी ज्येष्ठांसाठी मराठीत नेमकं असंच काम आता व्हायला हवं. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात ‘कॅमरा’ नावाचा क्वीअर दप्तरखाना आहे. तिथे चित्रफिती, कागदपत्रं, वैयक्तिक संग्रह जपले जातात. महाराष्ट्रातल्या एकाही विद्यापीठाने असा दप्तरखाना मराठीसाठी उभा करू नये, याला कारण नाही. इथे मराठी विभाग आहेत, स्त्री अभ्यास केंद्रं आहेत, राज्य मराठी विकास संस्था आहे, आणि दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. एखाद्या दिवाळी अंकाने पाच ज्येष्ठांच्या मुलाखतींचा विभाग काढला तरी सुरुवात होईल.

काम करताना काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. बोलणाऱ्याला नाव द्यायचं नसेल तर ते कुठेही येता कामा नये, गावाचं नावसुद्धा नाही. आपल्या हयातीत किंवा बायको-मुलांच्या हयातीत ध्वनिफीत उघडू नका, असं कुणी म्हटलं तर तसं लिहून देऊन ती मोहोरबंद करावी. नंतर मन बदललं तर सगळं परत मागायचा हक्क त्या माणसाकडे असावा. घराण्यातल्या नानगुरूला एक दुपार बसवायचं तर तिची त्या दिवसाची बाजारातली कमाई बुडते, ती भरून द्यावी. मुलाखत घ्यायला शक्यतो समाजातलाच तरुण असावा आणि त्यानेही आपली कहाणी समोरच्याला सांगावी, नुसते प्रश्न विचारू नयेत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांचं बोलणं त्यांना परत ऐकवून संमती घ्यावी. ज्यांची स्मृती आता जाऊ लागली आहे त्यांच्या साथीदाराला शेजारी बसवावं, कारण अनेकदा निम्म्या गोष्टी त्याच्याकडे असतात.

मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या आठवणी थोड्याफार तरी कुठे ना कुठे नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून पहिली यादी करायची ती सत्तरी ओलांडलेल्यांची, आणि ती नांदेड, सोलापूर, जळगाव, सावंतवाडी, अकोला अशा गावांतून करायला हवी.